बाहेरून कडी

मैनाबाईला मुलाने, मधुसूदनने, नागपूरच्या तांडापेठेतून कोराडीला आणलं ते एक्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर. जयाची तब्येत बरी नसते, प्रेमिला सकाळची बालवाडीत शिकवायला जाते, घरात कोणी मोठं माणूस पाहिजे, एवढंच मधुसूदनने सांगितलं. मैनाबाईनेही खोदून विचारलं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरातला हातमाग त्याच्याही आधी बंद पडला होता आणि मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून पुतण्या तिथे सायकली ठेवत होता. नातीजवळ राहायला मिळतंय म्हणून तिने दोन लुगडी आणि देवांचा डबा पिशवीत घातला, आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि मुलाच्या मागे बसमध्ये चढली.

मधुसूदन वीज केंद्रात बॉयलरवर होता. क्वार्टर तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी. पहिल्या सकाळी तो सहाच्या आधीच पाळीवर गेला. आठला प्रेमिला निघाली. तिने दार ओढलं आणि मैनाबाईला बाहेरून लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला. सवयीने चुकून लागली असेल असं वाटून तिने सुनेला आतून हाक मारली. चपलांचा आवाज जिना उतरत गेला.

"ती लावतेच, आजी," खाटेवर बसलेली जया म्हणाली. "रोज लावते."

जया दहा वर्षांची होती. हनुवटीखाली टाक्यांची ताजी खूण होती. त्या सकाळी तिने आजीला सगळं सांगितलं, शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती पडली. तिला स्वतःला काही आठवत नव्हतं, पण मुली म्हणाल्या की हातपाय झाडत होती आणि तोंडाला फेस आला होता. पुढच्या वेळी बिल्डिंगच्या जिन्यावर पडली तेव्हा हनुवटी फुटली. मग हेडमास्तरांनी बाबांना बोलावलं आणि बरी होईपर्यंत घरीच ठेवा म्हणाले. एकदा ती गुपचूप खाली उतरून शाळेच्या तारेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली होती. त्या दिवसापासून कडी. गॅलरीत जाऊन ती खाली पडेल म्हणून गॅलरीच्या दाराला कुलूप. बिल्डिंगमध्ये सांगायचं ते असं, की टायफॉइड झाला होता, अशक्तपणा आहे. जरीपटक्याच्या कुणा माणसाकडून आणलेला ताईत तिच्या दंडावर होता. तो काचायचा म्हणून ती सारखी त्याखाली बोट घालायची.

मैनाबाईने नातीचं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीशी जाऊन बसली. तिला दुसरी एक कडी आठवली. पण ते तिने जयाला सांगितलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस मुलालाही नाही.

दिवस एकासारखा एक जायचा. बंद काचेवर वीज केंद्राच्या चिमण्यांची राख साचायची आणि ती बाहेरून पुसता येत नसल्यामुळे कोपऱ्यातून तेवढं शाळेचं मैदान दिसायचं. साडेदहाला मधल्या सुट्टीची घंटा झाली की जया हातातलं टाकून त्या कोपऱ्याशी उभी राहायची. कोण कोणाबरोबर खेळतंय, कोणाचं भांडण झालं, हे ती आजीला सांगायची. घंटा परत झाली की गप्प. दुपारी एकला प्रेमिला येऊन कडी काढेपर्यंत दोघी आत. सुरुवातीला मैनाबाईला घाबरल्यासारखं व्हायचं. तिचा सगळा जन्म गल्लीत गेला होता, दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलण्यात. इथे शेजारच्या शोभाताईचा रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू यायचा, पण शोभाताईचं तोंड आठवड्यातून एकदा दिसलं तर दिसलं.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणून एक दिवस तिने जयाला पाचवीची पुस्तकं काढायला लावली आणि मला वाचून दाखव म्हणाली. जया आधी कंटाळली. मग आजी मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारते म्हणून तिला हसू यायला लागलं, आणि हळूहळू तीच मास्तरीण झाली. भूगोलातल्या नद्या, गणितातले अपूर्णांक ती आजीला समजावून सांगायची आणि आजीला कळलं नाही की रागावायची. अपूर्णांक मैनाबाईला चांगले कळत होते. सुताच्या लडीचे अर्धे, पाव, पाऊण करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पण ती कळले नाहीत म्हणायची, म्हणजे पोरगी आणखी अर्धा तास बोलायची.

फेब्रुवारीत एका सकाळी जया असंच मोठ्याने वाचत होती आणि वाचता वाचता एकाच शब्दावर अडकली. तोच शब्द तीनदा म्हणाली. मान एका बाजूला वळली, डोळे फिरले आणि ती खाटेवरून खाली आली. मैनाबाईने तिला अर्ध्यात झेललं. पुढचं तिच्या हातांनी केलं, डोक्याला विचार करावा लागला नाही. पोरीला कुशीवर केलं, डोकं मांडीवर घेतलं, वेणी गळ्याखालून काढली, लाळ पदराने पुसली. हातपाय दाबून धरले नाहीत. कोणालाही हाक मारली नाही. झटके हळूहळू विरळ झाले, श्वास संथ झाला आणि जया गाढ झोपली.

मग मैनाबाई उठली, दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. ती तिथेच खाली बसली.

लग्न होऊन ती तांडापेठेत आली तेव्हा तिचा धाकटा दीर रामाजी सोळा वर्षांचा होता. लुगड्याचा काठ त्याच्यासारखा घरात कोणी विणत नव्हतं. एकदा मागावर बसलेला असतानाच त्याला फिट आली आणि तो खड्ड्यात पडला. सासऱ्याने त्याला मागावर बसायची बंदी केली. मग रस्त्यात पडला तेव्हा घराबाहेर जायची. मग पाहुणे यायचे होते तेव्हा मागच्या खोलीत ठेवलं आणि तो मागच्या खोलीतच राहिला. जेवणाचं ताट घेऊन जायचं काम धाकट्या सुनेचं. ताट ठेवायचं, उष्टं ताट उचलायचं, बाहेर येऊन कडी लावायची. पहिल्या वर्षी रामाजी तिच्याशी बोलायचा, आज कोणतं सूत लागलं विचारायचा. नंतर विचारेनासा झाला. अकरा वर्षं तिने ती कडी लावली. एक दिवस ताट घेऊन गेली तर तो जमिनीवर पालथा पडलेला होता आणि अंग थंड होतं. तोंड गोधडीत रुतलेलं होतं.

त्या संध्याकाळी तिने मधुसूदनला म्हटलं, पोरीला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, केंद्राच्या दवाखान्यात गेलं की रजिस्टरमध्ये नाव लिहितात आणि एका पाळीत सगळ्यांना कळतं. मग नागपूरला मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात ने, असं ती म्हणाली. सध्या रजा नाही म्हणाला. वयात आली की आपोआप जातं म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी पाळीवरून आला की पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा, तिच्यासाठी संत्री आणायचा, स्वतः सोलून द्यायचा. पण कडीची गोष्ट निघाली की त्याचा चेहरा बंद व्हायचा. मैनाबाईने प्रेमिलालाही विचारून पाहिलं, निदान मी घरात असताना तरी उघडं ठेव. प्रेमिलाने खाली मान घातली. "ते रागावतीन, आत्याबाई," एवढंच ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मलेही भीती वाटते."

महिनाअखेर अजून दोन फिटा आल्या. दुसरीनंतर जया उठली तेव्हा तिने कोणता वार आहे विचारलं, आणि सांगितल्यावर पुन्हा तेच विचारलं. पुस्तक उघडलं तर कालचा धडा तिला आठवेना. ती रडली नाही. पुस्तक मिटून ठेवलं आणि खिडकीशीही गेली नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मैनाबाईने रामाजीची पाठ अशीच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला गेल्यावर तिने जयाला चांगला फ्रॉक घालायला सांगितला, वेणी घालून दिली आणि दाराशी जाऊन शोभाताईला हाका मारल्या. भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला. शोभाताई दाराबाहेर येऊन उभी राहिली आणि काय झालं विचारू लागली.

"कडी काढ वं, शोभा," मैनाबाई म्हणाली.

शोभाताई घुटमळली. मधुसूदनभाऊंनी लावली असेल तर मी कशी काढू, ते मले काय म्हणतीन, असं म्हणू लागली. प्रेमिलाला येऊ द्या, मग पाहू म्हणाली. मैनाबाईने जयाकडे पाहिलं. जया मान हलवून नाही नाही करत होती, कारण आजी आता काय बोलणार हे तिला कळलं होतं. चार महिने घरातल्या तिघांनी जे तोंडाबाहेर काढलं नव्हतं, ते मैनाबाईने बंद दाराला तोंड लावून सांगितलं.

"माह्या नातीले फिट येते. तिले टायफॉइड नव्हता. मी तिले मेडिकलले नेऊन राहिली. तू कडी नाही काढली तर आम्ही दोघी इथंच बसून राहू, अन् एक दिवस तू रेडिओ ऐकत राहशीन अन् पोरगी इकडं मरून जाईन."

 मग कडी सरकली. शोभाताईच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्हाले माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगले माहीत आहे. तुम्ही सांगत नव्हते म्हणून आम्ही विचारत नव्हतो."

 मग ही कडी कोणापासून लपवायला लावली होती, असं मैनाबाईच्या मनात आलं. पण थांबायला वेळ नव्हता. प्रेमिलाला निरोप दे सांगून तिने जयाचा हात धरला आणि एक एक पायरी करत दोघी तीन मजले उतरल्या. खाली आल्यावर जया उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली. कितीतरी दिवसांत तिने एवढं लांबचं काही पाहिलं नव्हतं.

सीताबर्डीपर्यंत एक बस, तिथून दुसरी. मेडिकलच्या व्हरांड्यात अडीच तास बसावं लागलं. डॉक्टरीण तरुण होती, आवाज घोगरा, बोलणं भराभर. तिने जयालाच सगळं विचारलं, आजीला नंतर. हा मेंदूचा आजार आहे, बाहेरचं काही नाही आणि कोणाला लागत नाही, असं तिने दोनदा सांगितलं. गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आधी झोप येईल, मग सवय होईल. फिट आली की कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, जोडा नाही. विहिरीवर, तलावावर, चुलीजवळ एकटीने जायचं नाही.

"अन् शाळा?" जयाने विचारलं.

"शाळेत जायचं," डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली. "घरी बसून काय करशील?"

परतीच्या बसमध्ये जया खिडकीशी बसली होती. सदर ओलांडल्यावर ती काहीतरी सांगत होती आणि मधेच तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मैनाबाईने तिला धरून बसमध्ये खालीच बसकण मारली. बायाबापड्या उठल्या. कंडक्टरने घंटी मारून बस थांबवली. एकाने पायातली चप्पल काढून पोरीच्या नाकाशी आणली, दुसरा तिची मूठ सोडवायला लागला. मैनाबाईने दोघांचे हात बाजूला केले. काही करू नका, फक्त जागा द्या, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. जयाचा फ्रॉक ओला झाला तेव्हा भाजीची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने न बोलता आपलं टोपलीवरचं फडकं काढून दिलं.

बस पुन्हा चालू झाल्यावर थोड्या वेळाने जयाने डोळे उघडले. फडकं पाहिलं, माणसं पाहिली.

"सगळ्यांनी पाह्यलं?"

"हो. पाह्यलं."

"आता?"

"आता मानकापूर गेलं. थोडंच राह्यलं घर."

जयाने आजीच्या मांडीत तोंड घातलं ते कॉलनीचं फाटक येईपर्यंत काढलं नाही.

मधुसूदन खाली सायकलींजवळ उभा होता. पाळीवरून आला, तर दार उघडं आणि घर रिकामं; निरोप ऐकून प्रेमिला शोभाताईकडेच बसून राहिली होती. शोभाताईने सांगितलं तोपर्यंत तो कूलिंग टॉवरच्या तळ्यापर्यंत धावून आला होता. लोकांसमोर तो काही बोलला नाही. वर गेल्यावर त्याने दार लावलं आणि आईला नाही नाही ते बोलला. पोरीला चार लोकांत उघडं पाडलं, रस्त्यात काही झालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, उद्याच्या उद्या तुला तांडापेठेत सोडतो. मैनाबाई ऐकत होती. मग तो खाटेवर बसला आणि आवाज खाली आला.

"माय, हे आपल्या घराण्यातलं आहे. माह्याच रक्तातून गेलं तिच्यात. रामाजी काकाचं मले आठवते."

"काय आठवते तुले रामाजीचं?"

त्याने विचार केला. "दार आठवते," तो म्हणाला.

"त्या दाराची कडी मी लावत होती, मधू. अकरा वर्षं. तुह्या आजोबानं सांगतलं अन् मी लावली. लोकं म्हणतात फिटनं मेला. फिटनं नाही मेला तो. पालथा पडला अन् सरळ कराले कोणी नव्हतं. रस्त्यात पडला असता तर कोणीतरी पाह्यलं असतं."

प्रेमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  मैनाबाईने गोळ्यांची पुडी मधुसूदनजवळ ठेवली, रोजची वेळ सांगितली, आणि सोडायचं असेल तर सोड, पण गोळी चुकवू नको म्हणाली. त्याने पुडी उचलून फळीवर ठेवली. तांडापेठेचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आठला प्रेमिला निघाली. दार ओढलं. मैनाबाई आणि जया दोघी कान देऊन बसल्या होत्या. प्रेमिला दाराबाहेर बराच वेळ उभी राहिली, मग नुसत्या चपला वाजत खाली गेल्या.

गोळ्यांनी जया आधी दिवसदिवस झोपायची. मार्चमध्ये तीन फिटा आल्या, एप्रिलमध्ये एक, मे महिन्यात एकही नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मधुसूदन डॉक्टरिणीची चिठ्ठी घेऊन हेडमास्तरांकडे गेला. पाचवी पुन्हा करावी लागेल असं हेडमास्तर म्हणाले. खेळाचा तास नाही, सहल नाही. काही झालं तर शाळा जबाबदार नाही असं पालकांनी लिहून द्यायचं, आणि घरातलं मोठं माणूस रोज शाळेत बसलं पाहिजे. मधुसूदनने सही केली. मोठं माणूस म्हणजे कोण, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

पुतण्याने तांडापेठेची खोली मागितली तीही त्याच महिन्यात. मैनाबाईने किल्ली पाठवून दिली.

ती रोज साडेसातला जयाबरोबर शाळेत जायची आणि पाचवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायची. बाराला परत. उठून कुठे जाता येत नव्हतं. पाय आखडायचे, पाणी प्यायला गेली तरी लक्ष मागे. आत वर्ग एकदम शांत झाला की ती उठून खिडकीतून डोकवायची, आणि सगळ्या मुली जयाकडे वळून पाहायच्या. वर्गातल्या पोरींनी जयाला आजीवाली असं नाव ठेवलं. मधल्या सुट्टीत जया व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहायची. मैदान आता दहा पावलांवर होतं, आणि मुली तिला खेळायला बोलावत नव्हत्या.

ऑगस्टमध्ये एक दिवस घरी येताना जया म्हणाली, "आजी, तू उद्या येऊ नोको."

"काहून वं?"

जया दोन पावलं पुढे गेली. "आधी कडी होती," ती म्हणाली. "आता तू आहे."

ती रागाने बोलली नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. मैनाबाई त्या दिवशी जेवली नाही. कोणाचं काय चुकलं हे तिला ठरवता येईना. तिने पोरीला रामाजीच्या वाटेवरून ओढून आणलं होतं, आणि पोरगी म्हणत होती की तूच दार झालीस. संध्याकाळपर्यंत ती गॅलरीत बसली. कुलूप आता नव्हतं. चिमण्यांचा धूर एका बाजूला झुकला होता आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख पडत होती.

सकाळी ती शाळेत गेली, पण सतरंजी न घेता. वर्गशिक्षिका इंदूबाई होत्या, वयाने प्रेमिलाएवढ्या. मैनाबाईने त्यांना बाजूला बोलावलं आणि डॉक्टरिणीने सांगितलेलं सगळं सांगितलं. कुशीवर कसं करायचं ते व्हरांड्यात स्वतः आडवी होऊन दाखवलं. जाणाऱ्यायेणाऱ्या पोरी हसत होत्या. इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि हेडमास्तरांकडे गेल्या. महिनाभर पाहू, पण आजीबाईंनी घरीच राहायचं, बोलावलं तर पाच मिनिटांत आलं पाहिजे, असं उत्तर आलं.

त्या महिन्यात मैनाबाई कुठेही गेली नाही. शोभाताईने हळदीकुंकवाला बोलावलं तरी नाही. साडेसातला जया एकटी जिना उतरायची आणि तिचे पाय खालच्या पायरीला लागेपर्यंत आजी वर श्वास धरून उभी राहायची. नंतरचे चार-साडेचार तास ती भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची, रस्त्यावर कोणी पळत येताना दिसलं की हात थांबवायची. तिने कोणाला सांगितलं नाही, पण व्हरांड्यातलं बसणं यापेक्षा सोपं होतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जया बाराच्या सुमाराला घरी आली ती एक वेणी सुटलेली, फ्रॉकच्या एका बाजूला माती. मैनाबाईला पाहताक्षणी कळलं. तिच्या तोंडाशी दहा प्रश्न आले. तिने ताट वाढलं. जया हात धुऊन बसली, भाताला वरण कालवलं आणि दोन घास खाल्ले.

"आज आली होती," ती म्हणाली. "गणिताच्या तासाले. इंदूबाईनं सांभाळलं. तास बुडाला माहा, तो त्या उद्या मधल्या सुट्टीत घेणार आहेत."

"डोक्याले लागलं काय?"

"नाही. कोपराले."

मैनाबाईने तिचं कोपर पाहिलं. जरासं खरचटलं होतं. हळद लावू का विचारलं तर जया नाही म्हणाली, मग थोडं आणखी वरण मागितलं. मैनाबाईने वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.